जोडीदाराची निवड : ‘पसंती’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक :
विवाहासाठी जोडीदार निवडताना माणूस कोणते गुण शोधतो व ते का शोधतो, हा प्रश्न जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या सीमारेषेवरचा आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात लैंगिक निवडीचा सिद्धान्त सविस्तर मांडला. १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी त्याला पालकीय गुंतवणुकीच्या संकल्पनेची जोड दिली. अपत्यासाठी ज्याला अधिक किंमत मोजावी लागते तो जोडीदाराच्या निवडीत अधिक चोखंदळ असतो, हे त्यांचे सूत्र होते. याच विचारधारेतून डेव्हिड बस यांचे १९८९ मधील बहुचर्चित संशोधन उभे राहिले. प्रस्तुत लेखात या संशोधनातील ‘पसंती’ या संकल्पनेची भारतीय विवाहव्यवस्थेच्या संदर्भात चिकित्सा करण्यात आली आहे.

बस यांचे प्रतिपादन :
बस यांनी ३३ देशांतील ३७ नमुन्यांमधून १०,०४७ व्यक्तींची मते संकलित केली. सर्व ३७ नमुन्यांत पुरुषांनी आपल्याहून लहान वयाच्या पत्नीला, तर स्त्रियांनी आपल्याहून मोठ्या वयाच्या पतीला पसंती दिली. जोडीदाराच्या कमाईच्या क्षमतेला ३६ नमुन्यांत स्त्रियांनी पुरुषांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक महत्त्व दिले. रूपाला मात्र पुरुषांनी अधिक महत्त्व दिले. इतक्या भिन्न संस्कृतींत आढळणारे हे साम्य उत्क्रांतीची देणगी आहे, असा निष्कर्ष बस यांनी काढला.

तथापि, याच सामग्रीत दुसरी बाजूही दडलेली आहे. विवाहपूर्व लैंगिक शुचितेला चीन, भारत व इराण येथे मोठे महत्त्व मिळाले, तर स्वीडन व नेदरलँड्स येथे ती जवळजवळ गौण ठरली. १९९० मधील पुढील विश्लेषणात तर पारंपरिक व आधुनिक समाज हाच संस्कृतींमधील भेदाचा पहिला अक्ष म्हणून पुढे आला. म्हणजे स्त्री-पुरुषांमधील फरक जसा दिसतो, तसाच देशादेशांमधील फरकही दिसतो. यांपैकी कोणता फरक ठळकपणे मांडावयाचा, ही अभ्यासकाची निवड असते.

आक्षेप व प्रत्याक्षेप :
अ‍ॅलिस ईगली व वेंडी वुड यांनी १९९९ मध्ये बस यांचीच आकडेवारी पुन्हा तपासली. ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता अधिक, तेथे कमाई व गृहकौशल्य यांविषयीच्या अपेक्षांतील अंतर कमी होते, असे त्यांना आढळले. जिला स्वतःचे उत्पन्न नाही ती स्त्री पतीचे उत्पन्न पाहणार, यात जनुकांपेक्षा सामाजिक विभागणीचा हात अधिक, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु २०२० मध्ये ४५ देशांतील १४,३९९ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात मूळ फरक पुन्हा आढळले. समानतेचा स्पष्ट संबंध फक्त जोडीदारांच्या वयातील अंतराशी दिसून आला. त्यामुळे जीवशास्त्रीय बाजू पूर्णतः निराधार ठरविणे न्याय्य होणार नाही.

भारतीय संदर्भ :
खरी अडचण वेगळीच आहे. बस यांच्या प्रश्नावलीत १८ गुणांची यादी होती. प्रत्येक गुणाला शून्य ते तीन असे गुण द्यावयाचे होते. यादीत रूप, आरोग्य, शिक्षण, सामाजिक प्रतिष्ठा, धार्मिक पार्श्वभूमीतील साम्य हे सर्व होते. जात नव्हती. स्थळ पाहताना जो प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, तोच या यादीतून सुटला होता.

या उणिवेची व्याप्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून लक्षात येते. कोलकाता येथील ‘आनंदबाजार पत्रिका’ या दैनिकातील विवाहविषयक जाहिरातींवर तो आधारलेला आहे. जातीबाहेरचा वर टाळण्यासाठी वधूपक्ष निरक्षरता व पदव्युत्तर पदवी यांमधील अंतराएवढी तडजोड करण्यास तयार असतो, असे त्यात दिसून आले. रूप व शिक्षण यांची तुलना होते, पण ती बहुधा जातीच्या कुंपणाच्या आत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म असल्याचे दाखवून दिले होते. त्या दृष्टीने पाहता निवडीपूर्वीच निवडीचे क्षेत्र आखले गेलेले असते. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात नोंदविलेली वस्तुस्थितीही येथे उद्बोधक ठरते. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी वधू म्हणून चालते, चुलत्याची मुलगी मात्र बहीणच. जनुकीय दृष्ट्या दोन्ही नाती सारख्याच अंतराची आहेत. एकीला वधू व दुसरीला बहीण ठरविणारी रेषा रक्ताने आखलेली नाही, ती कुळाच्या नियमाने आखलेली आहे.

शिवाय ‘पसंती कोणाची’ हाही प्रश्न उरतो. ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ अशी अपेक्षा छापून येते, तेव्हा ती वराची की त्याच्या कुटुंबाची, हे जाहिरातीवरून कळत नाही. व्यक्तीला एकटी गाठून विचारणारी प्रश्नावली कुटुंबाच्या या सामूहिक निर्णयाला न्याय देऊ शकत नाही.

निष्कर्ष :
जीवशास्त्र आणि संस्कृती यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालून वजन करण्याची पद्धत या विषयात अपुरी पडते. दोहोंचे कार्य भिन्न पातळ्यांवर चालते. उमेदवार कोण, हे संस्कृती ठरविते. उमेदवारांमध्ये कोण आवडावे, यावर जैविक प्रवृत्तीचा प्रभाव संभवतो, आणि तोही आर्थिक परिस्थितीनुसार कमीअधिक होतो. हा भेद केवळ पारिभाषिक नाही. जे कुंपण समाजाने घातले त्याला ‘निसर्ग’ हे नाव दिले, की ते ओलांडणाऱ्या तरुण-तरुणींचा निर्णय अनैसर्गिक ठरविणे सोपे जाते. म्हणून पसंतीच्या अभ्यासाने ‘काय आवडते’ या प्रश्नाआधी ‘कोणातून निवडण्याची मुभा आहे’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.