मनगटावरचा इशारा आणि गल्लीतला आवाज

मनगटी घड्याळ आता वेळेखेरीज पुष्कळ काही सांगते. पावले मोजते, नाडीचे ठोके मोजते आणि भोवतालचा आवाजही मोजते. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१९ पासून आहे. ८० ते १०० डेसिबेलच्या दरम्यानचा एक आकडा आपण निवडून ठेवायचा. आवाजाची तीन मिनिटांची सरासरी त्या आकड्याला पोचली, की घड्याळ मनगटावर थरथरते आणि अशा आवाजात फार वेळ राहिल्यास ऐकण्यावर परिणाम होईल, असे बजावते. ज्यांच्याकडे असे घड्याळ नाही त्यांच्या फोनवर आवाज मोजणारी ॲप्स फुकट मिळतात. विज्ञानाच्या कसोटीवर ही साधने कितपत उतरतात आणि परळी वैजनाथसारख्या गावातल्या कानांना त्यांचा किती उपयोग आहे, हे या लेखात तपासावयाचे आहे.

आधी या साधनांच्या बाजूने बोलू. मोठ्या आवाजाच्या बाबतीत आपला कान हा आपलाच भरवशाचा साक्षीदार नसतो. आंतरकर्णात शंखासारखा वळलेला कर्णावर्त असतो. त्यात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिवाय नुकसानीची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास होते. रोजच्या बोलण्यातील बराचसा भाग याहून खालच्या कंप्रतेचा असल्याने सुरुवातीला काही कळत नाही. वरातीतून घरी आल्यावर कानात ‘कुंई’ असा आवाज येतो, सकाळी तो थांबतो, आणि कान बरा झाला असे आपण समजतो. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना दोन तास १०० डेसिबेलचा आवाज ऐकवला होता. त्यांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत झालेली दिसली, पण केशपेशी आणि श्रवणचेता यांच्यातील बऱ्याच जोडण्या कायमच्या तुटल्या होत्या. माणसात हे किती प्रमाणात घडते यावर संशोधन चालू आहे. तरीही ‘सवय झाली, आता काही वाटत नाही’ या म्हणण्यावर विसंबू नये, एवढे त्यातून निश्चित होते. जे कानाला कळत नाही ते आकड्यात सांगणारे साधन म्हणूनच स्वागतार्ह आहे.

पातळी कळते, मात्रा कळत नाही

आमचा पहिला आक्षेप असा, की घड्याळाचा इशारा आवाजाच्या पातळीवर बेतलेला आहे आणि कानाची हानी मात्रेवर अवलंबून असते. मात्रा म्हणजे पातळी आणि काळ यांचा एकत्रित हिशेब. औषधाची बाटली किती कडू आहे एवढे सांगून भागत नाही, किती चमचे घेतले तेही सांगावे लागते, तसेच हे आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी संगीत ऐकण्याच्या साधनांसाठी केलेले मानक २०१९ साली जाहीर झाले. त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल, ४० तास ही मर्यादा धरली आहे. डेसिबेलचे माप लघुगणकीय आहे. १० डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणून परवानगीचा काळ एक दशांश उरतो. फळ्यावर हे चार ओळींत मांडता येईल:

८० डेसिबेल : ४० तास
९० डेसिबेल : ४ तास
१०० डेसिबेल : २४ मिनिटे
११० डेसिबेल : सुमारे अडीच मिनिटे

मुलांसाठी याच मानकात ७५ डेसिबेल हा पाया सुचवला आहे. म्हणजे वरचा प्रत्येक आकडा त्यांच्यासाठी ५ ने कमी धरावा लागेल. हे मानक इयरफोनसाठी लिहिले आहे हे खरे, पण आलेली ऊर्जा इयरफोनमधून आली की डीजेच्या भिंतीतून, हे केशपेशीला कळत नाही.

आता घड्याळाकडे पाहू. समजा, एकाने इशारा ९० वर लावला आहे आणि तो आठवड्याचे सहा दिवस रोज दोन तास ८८ डेसिबेलमध्ये काम करतो. वरच्या हिशेबाने ८८ डेसिबेलची आठवड्याची मर्यादा सुमारे सव्वासहा तास येते. त्याचे बारा तास होतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. घड्याळ मात्र वर्षभर गप्प राहील. उलट टोकाला, ११० डेसिबेलच्या भिंतीसमोर उभे असताना इशाऱ्यासाठी तीन मिनिटे पुरी होण्याची वाट पाहिली, तर आठवड्याची शिधा तेवढ्यात संपून जाते. इयरफोनच्या बाबतीत काही फोन सात दिवसांची बेरीज ठेवून इशारा देतात. तीच पद्धत भोवतालच्या आवाजाच्या इशाऱ्यालाही हवी.

हाच दोष आपल्या शैक्षणिक साहित्यातही आहे. कुजबुज इतके डेसिबेल, वर्दळीचा रस्ता इतके, जेट विमान इतके, असा तक्ता भिंतीवर लावलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. किती अंतरावरून आणि किती वेळ, हे दोन रकाने त्यात बहुधा नसतात. त्यांच्यावाचून तो तक्ता पाठांतराचा होतो, विचाराचा होत नाही.

सूक्ष्मध्वनिग्राहकाला न ऐकू येणारे

दुसरा आक्षेप मोजण्याच्या रीतीचा आहे. डेसिबेलचे जे आकडे आपण वापरतो ते बहुधा ‘ए’ भारांकनाचे असतात. माणसाचा कान खर्ज आवाजाला कमी संवेदनशील असतो, म्हणून मापकही खर्जाला कमी महत्त्व देतो. ६३ हर्ट्झच्या स्वरातून तो सुमारे २६ डेसिबेल वजा करतो. श्रवणहानीचा अंदाज घेण्यास हे ठीक आहे. पण डीजेच्या ठोक्याने खिडकीच्या काचा थरथरतात, छातीत धडधडते, घरातले म्हातारे माणूस दचकून उठते, त्या त्रासाचा मोठा भाग या वजाबाकीत नाहीसा होतो. घड्याळावर ‘७५’ दिसले, म्हणून तक्रार करणारा खोटा ठरत नाही.

फटाक्याची गोष्ट याहून वेगळी. भारतात १९९९ साली झालेल्या नियमाप्रमाणे फटाका फुटल्यापासून ४ मीटरवर त्याची पातळी १२५ डेसिबेलपेक्षा अधिक असू नये, आणि क्षणिक शिखर वेगळ्या मापाने १४५ च्या पुढे जाऊ नये. हा आवाज सेकंदाच्या लहानशा अंशात येऊन जातो. घड्याळाचा बारीकसा सूक्ष्मध्वनिग्राहक अशा शिखरासाठी बनवलेला नसतो आणि तीन मिनिटांच्या सरासरीत ते शिखर पसरून जाते. कानाजवळ फुटलेला एकच फटाका इजा करू शकतो, आणि तिथे इशारा देऊन उपयोग नसतो. त्यातून घड्याळ बाहीखाली झाकले गेले, की साध्या आवाजाचा आकडाही घसरतो.

इशारा कोणाला, आणि कशासाठी?

हे दोन आक्षेप तांत्रिक आहेत, पुढेमागे कोणी अभियंता ते दूर करील. तिसरा आक्षेप मूळ विचारावरच आहे आणि आम्हाला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

आवाजाला आळा घालण्याच्या तीन जागा आहेत: जिथे तो निर्माण होतो तो स्रोत, ज्या मार्गाने तो येतो ती वाट, आणि जिथे तो पोचतो तो कान. कारखान्यातील ध्वनिनियंत्रणाचा क्रमही हाच असतो. यंत्राचा आवाज आधी कमी करावा, ते जमले नाही तर मध्ये आडोसा उभारावा, आणि यातूनही जो उरेल त्यासाठी कामगाराच्या कानाला संरक्षक द्यावा. मनगटावरचा इशारा या क्रमातील शेवटच्या पायरीवर उभा आहे. तो कानाच्या मालकाला सांगतो, ‘तू येथून दूर जा.’

परळीत दूर जायचे म्हणजे कुठे? महाशिवरात्रीला वैद्यनाथाच्या यात्रेत, लग्नसराईत परण्या निघाल्यावर, जयंतीच्या किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत, गल्लीतल्या घराला आवाजापासून दूर नेता येत नाही. पाळण्यातले मूल, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, अंथरुणावरचे आजोबा यांच्या मनगटावर घड्याळ नाही. ज्यांच्या कानांवर मात्रा सर्वांत जास्त साठते ते हलगीवाले, बँडवाले, डीजेच्या गाडीवर बसलेली पोरे, पिठाची गिरणी चालवणारे, खडी केंद्रावर काम करणारे मजूर. घड्याळ घेणे त्यांना परवडत नाही, आणि घेतले तरी ‘दूर जा’ हा सल्ला पोटावर पाय दिल्याखेरीज पाळता येत नाही. ज्याला इशारा मिळतो त्याच्या हाती आवाज नसतो आणि ज्याच्या हाती आवाज असतो त्याला इशारा मिळत नाही, हे या साधनाचे खरे वैगुण्य आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. इयरफोनच्या बाबतीत आवाजाची कळ ऐकणाऱ्याच्याच बोटाखाली असते. स्रोत आणि कान एकाच माणसाचे असतात. तिथे इशारा योग्य माणसाला, योग्य वेळी मिळतो. वरच्या वर्गातील मुलांच्या फोनमध्ये अशी सोय असेल तर ती जरूर चालू करायला सांगावी.

पुण्याच्या नोंदींनी काय दाखवले

स्रोताचे महत्त्व दाखवणारा उत्तम पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) विद्यार्थी अनेक वर्षे गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरील दहा चौकांत ठरावीक वेळांनी आवाज मोजत आले आहेत. २०२२ साली त्यांची सरासरी १०५ डेसिबेलच्या आसपास आली. त्याआधीच्या २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या वर्षांत मिरवणुका नव्हत्या, तेव्हा त्याच चौकांत ती ६० च्या आसपास होती. ४५ डेसिबेलचा हा फरक ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे तीस हजार पट होतो.

यावर कोणी म्हणेल, की सण बंद करणे हा काही उपाय नव्हे. आम्हीही तसे म्हणत नाही. स्रोताकडे १० डेसिबेल जरी कमी केले तरी ऊर्जा दहापट घटते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक कानाला, त्याच्या मनगटावर काही असो वा नसो, त्याचा लाभ होतो. एवढा लाभ कुठल्याही घड्याळाला देता येणार नाही.

कायदाही स्रोताकडेच बोट दाखवतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र घोषित करण्याची त्यात तरतूद आहे. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर ७५ डेसिबेल ही कमाल मर्यादा आहे. पण मिरवणूक चालत असते. तिची सीमा कोणती, आणि तक्रार पोचेपर्यंत ती गल्ली ओलांडून गेली तर मोजायचे काय? ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ साली निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांकडील ध्वनिमापक यंत्रांचा आणि तक्रार नोंदवण्याच्या सोयीचा विचार केला, तो या अडचणीमुळेच. नियमाच्या पाठीशी नोंद नसेल तर नियम कागदावर राहतो.

शाळेला काय करता येईल

घड्याळ आणि फोन यांचा खरा उपयोग येथे आहे. संरक्षक म्हणून ते दुबळे असले, तरी मोजमाप शिकवण्याचे साधन म्हणून चांगले आहेत. पाच फोन शेजारी ठेवून एकच आवाज मोजावा. आकडे जुळणार नाहीत. मापनातील त्रुटी शिकवायला याहून सोपा प्रयोग नाही. मग त्यांतला एकच फोन कायमचा निवडावा, म्हणजे आकडा अचूक नसला तरी आजची आणि उद्याची तुलना करता येईल. मोकळ्या मैदानावर एकसारखा वाजणारा छोटा स्रोत ठेवून १, २, ४ आणि ८ मीटरवर मोजावे. अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबेल कमी होतात का, ते पाहावे. तोच प्रयोग दोन भिंतींमधल्या बोळात केला तर घट कमी दिसेल, कारण भिंती आवाज परतवतात. गल्लीतला डीजे मैदानातल्या डीजेपेक्षा अधिक का बाधतो, हे मुलांना तिथेच उमगेल.

त्यानंतर नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, स्रोतापासूनचे अंतर, किती मिनिटे, कोणता फोन, असे सहा रकाने आणि सातवा डेसिबेलचा. यात्रेचा आठवडा आणि साधा आठवडा, मोंढ्यातली सकाळ आणि शाळेची मधली सुट्टी, स्टेशनचा फलाट आणि वर्गाची शेवटची बाकी, सर्व एकाच पद्धतीने. मोजणारी मुले भिंतीसमोर जाऊन उभी राहणार नाहीत, याची काळजी अर्थातच शिक्षकांनी घ्यावी. फोनचा आकडा न्यायालयात पुरावा म्हणून टिकणार नाही. पण वर्षभराची अशी वही घेऊन शिक्षक मंडळाच्या कार्यकर्त्यांशी किंवा नगर परिषदेशी बोलू लागले, की ‘आवाज फार होतो’ या मोघम तक्रारीच्या जागी ‘या चौकात, इतका वेळ, इतका’ असे निश्चित विधान येते. त्या मंडळांत बहुधा शाळेचेच माजी विद्यार्थी असतात.

घड्याळाचा इशारा एका माणसाला बाजूला व्हायला सांगतो. वहीतली नोंद आवाज करणाऱ्याला कळ खाली फिरवायला सांगू शकते. विज्ञानाच्या शिक्षकाने या दोहोंपैकी दुसऱ्या कामात मुलांना गुंतवावे, असे आम्हाला वाटते.