‘स्मृतिचित्रें’ आणि वेगळी चूल

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ म्हटलीं कीं वाचकांस प्रथम आठवतो तो त्यांतील विनोद. टिळकांच्या विसराळूपणाचे प्रसंग सांगतांना मंडळी अजूनहि हंसतात, आणि तें योग्यच आहे. परंतु या हंसण्याखालीं ग्रंथाचा मुख्य विषय झांकला जातो, अशी आमची तक्रार आहे. तो विषय म्हणजे वयागणिक पालटत जाणारा एकटेपणा.

आरंभींची मनकर्णिका गोखले पाहा. १८५७ च्या धामधुमींत आईच्या वडिलांस फांशीं दिलें गेलें, आणि त्या धक्क्यानें तिच्या वडिलांस सोंवळ्याचें वेड लागलें. बाहेरची वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं! भरल्या घरांतील हें मूल एकटें आहे. मात्र आपण एकटें आहों हें त्याला ठाऊक नाहीं. लेखिका त्याबद्दल कोठेंहि गळा काढीत नाहीं.

विवाहानंतरचा एकटेपणा निराळा. पति कवि, मनस्वी. केव्हां घर सोडून जाईल याचा नेम नाहीं. वाट पाहणें हाच संसार.

पुस्तकाचा गाभा मात्र १८९५ ते १९०० हीं वर्षें होत. फेब्रुवारी १८९५ मध्यें टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांच्या आश्रयास राहिल्या. पति जिवंत, आणि तरी दुरावलेला. विधवेच्या दुःखास समाजानें, क्रूर का होईना, एक सांचा दिलेला होता. या दुःखास तोहि नव्हता. पुढें त्या पतीजवळ राहावयास गेल्या तेव्हां त्यांनीं आपलें खाणेंपिणें वेगळें ठेविलें. ज्या सोंवळ्यानें बाळपण कोंडलें, तेंच आतां त्यांनीं स्वहस्तें आपल्याभोंवतीं उभें केलें! आणि तें कोसळलें तें कोणा उपदेशकाच्या व्याख्यानानें नव्हे. जातिभेद माणसानेंच केला, हें त्यांचें त्यांनाच उमगलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. आम्हांस त्याहून मोठी घटना वाटते ती ही वेगळी चूल विझण्याची.

उत्तरार्धाविषयीं मात्र आमचें समाधान होत नाहीं. टिळक १९१९ सालीं वारले. त्यानंतरचा, उतारवयाचा एकटेपणा लेखिका माणसांच्या वर्दळींत व कामाच्या धांदलींत दडवून टाकते. पूर्वीं जी लेखणी जखमेजवळ थांबे, ती येथें लगबगीनें पुढें जाते. अर्थात् याचा सारा दोष त्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं. १९३६ त त्या निवर्तल्या, आणि अपुरा राहिलेला अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनीं पुरा केला.

तरीहि एक सुचवावेंसें वाटतें. लग्नाच्या वेळीं अक्षरशत्रु असलेल्या या बाईनीं पतीचें अर्धवट राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ उतारवयांत हातीं घेतलें आणि कित्येक अध्याय स्वतः रचिले. ‘स्मृतिचित्रां’च्या शेवटीं जें सांपडत नाहीं, तें शोधण्यासाठीं रसिकांनीं एकदां त्या अध्यायांकडे वळावें.