चेक मिळाला का?

सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या मुलांना सरकारी खात्याकडून काम मिळालं की प्रश्न बहुधा ठरलेला असतो. योजनेचे पैसे लोकांच्या पदरात नीट पडत नाहीत, तंत्रज्ञान वापरून काय करता येईल ते सुचवा. मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात, आणि थोड्याच दिवसांत अहवालात ॲप, डॅशबोर्ड, बोटांच्या ठशांचं यंत्र असं सगळं येऊन बसतं. तो अहवाल लिहायच्या आधी त्यांनी एक शोधनिबंध ओळीओळीला थांबत वाचावा असं मला फार वाटतं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस, संदीप सुखठणकर आणि जेफ्री वीव्हर यांचा हा निबंध 2021 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल’मध्ये छापून आला. त्यातलं तंत्रज्ञान म्हणजे टेलिफोन, आणि त्या फोनवर शेतकऱ्याला विचारलेली साधी गोष्ट.

योजना तेलंगणाची, रयतु बंधू. 10 मे 2018 रोजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी हुजूराबादला तिची सुरुवात केली. जमीनधारकाला तेव्हा एका हंगामाला एकरी 4,000 रुपये मिळत. आपल्याकडे धर्माबाद-बिलोलीच्या सीमेवरच्या गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ असा आवाज उठवला, त्यामागे अशाच योजनांचं आकर्षण होतं. पहिल्या हंगामात पैसे चेकने दिले गेले. 57 लाख शेतकरी आणि जवळजवळ एक अब्ज डॉलर एवढी रक्कम. गावात ठरल्या दिवशी वाटप व्हायचं. त्या दिवशी जो परगावी होता, आजारी होता, ज्याच्या नावात घोळ होता, त्याच्या वाट्याला हेलपाटे आले. चेक छापून झाला म्हणजे कागदोपत्री काम संपलं, पण शेतकऱ्याच्या हातात तो पडायचा तर कृषी अधिकाऱ्याला त्याच्या मागे लागावं लागतं.

निबंधाची खरी करामत इथे आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मंडलं, म्हणजे तिथले तालुक्यासारखे विभाग, निवडली गेली. तिथल्या अधिकाऱ्यांना एवढंच कळवलं, की तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांना फोन करून वाटप कसं झालं ते मोजलं जाणार आहे. उरलेल्या मंडलांत ही सूचना गेली नाही. योजना, रक्कम, चेक, नियम दोन्हीकडे अगदी तेच. फरक एवढाच, की एका अधिकाऱ्याला ठाऊक होतं, आपल्या कामाबद्दल थेट शेतकऱ्याला विचारणार आहेत. आढावा बैठकीत खालून आलेली टक्केवारी वर वाचून दाखवायची पद्धत आपण सगळेच ओळखतो. ज्याचं काम मोजायचं तोच आकडा भरतो. इथे ती वाट टाळून प्रश्न सरळ योजनेच्या दुसऱ्या टोकाला गेला. रचना इतकी नेटकी आहे, की जो काही फरक दिसेल त्याचं श्रेय दुसऱ्या कशाला देताच येत नाही.

आणि मग तो आकडा येतो. या निबंधातली माझी सर्वांत आवडती जागा हीच. चेक मिळालेल्यांचं प्रमाण वाढलं ते जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास. कुठल्याही मंत्र्यापुढे हा आकडा ठेवला तर तो पुढचं पान उलटेल. निबंधाच्या सारांशात मात्र वेगळा आकडा आहे: ज्यांना पैसे मिळाले नाहीत अशा शेतकऱ्यांची संख्या 7.8 टक्क्यांनी घटली. दोन्ही आकडे एकाच निरीक्षणातून आलेले आहेत, भागाकाराचा छेद तेवढा वेगळा आहे. पहिल्यात छेदस्थानी सगळे शेतकरी, दुसऱ्यात फक्त वंचित राहिलेले. घासाघीस करणारा वाचक म्हणेल, ही आकडा फुगवायची युक्ती झाली. मला तसं वाटत नाही. शंभरातल्या त्र्याऐंशींच्या आसपास लोकांना चेक तसाही मिळतच होता, त्यांच्यासाठी कुणी काही करायची गरज नव्हती. सगळी खटपट उरलेल्या सतरांसाठी होती. मग यश मोजायचं तेही त्या सतरांवरच मोजायला हवं. छेद कोणता धरायचा हे ठरवताना आपण कुणाची बाजू धरतो तेही ठरत असतं, आणि हे काम या लेखकांनी एका वाक्यात, आवाज न चढवता केलं आहे. शिवाय सव्वा टक्का लहान वाटत असला तरी 57 लाखांवर धरला तर सत्तर हजारांहून अधिक शेतकरी होतात.

खर्चाचं वाक्यही तसंच कसदार आहे. जास्तीचा एक डॉलर शेतकऱ्यापर्यंत पोचवायला 3.6 सेंट लागले, म्हणजे रुपयामागे चार पैसेसुद्धा नाहीत.

फोनची भलावण करणारे हे लेखक तंत्रज्ञानाचे भाट मात्र नव्हेत. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखठणकर यांनीच आधी आंध्र प्रदेशात बायोमेट्रिक स्मार्टकार्डांचा अभ्यास करून त्यांच्या बाजूने निष्कर्ष काढला होता, आणि पुढे झारखंडच्या रेशनवर आधारची सक्ती तपासली तेव्हा उलट निष्कर्षही तितक्याच स्वच्छपणे मांडला. तिथे सरासरीने गळती कमी झाली नाही, आणि ज्या 23 टक्के लाभार्थ्यांचं ओळखपत्र आधी जोडलेलं नव्हतं त्यांना मिळणारा लाभ 10 टक्क्यांनी घटला. बोटाचा ठसा घेणारं यंत्र लाभार्थ्याला ‘तू खरा का?’ असं विचारतं. तेलंगणातल्या फोनने अधिकाऱ्याची परीक्षा घेतली. सरकारसाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हे दोन निबंध एकापाठोपाठ वाचले, तर पुढच्या अहवालात यंत्र कुणाकडे तोंड करून बसवायचं याचा तो आधी विचार करील.

एका ठिकाणी मात्र मन अडखळतं. फोन जातो तो यादीतल्या माणसाला, आणि रयतु बंधूची यादी जमिनीच्या मालकीवरून केलेली होती. बटाईने, खंडाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला या योजनेत जागाच नव्हती, म्हणजे मोजल्या गेलेल्या वंचितांतही तो नाही. हा दोष योजनेचा आहे, निबंधाचा नाही. पण तोच छेदाचा न्याय पुढे न्यायचा म्हटलं तर पुढच्या विद्यार्थ्याला खात्याकडे यादीबाहेरच्यांचे फोन नंबर मागावे लागतील. ते कुठल्याच कचेरीत लिहिलेले नसणार. गावात जाऊन, कुणाची जमीन कोण कसतं हे विचारत, ते त्यालाच गोळा करावे लागतील.