करिबाची सहल आणि दोन पुस्तकें

प्रवासाचा बेत आंखणें हीहि एक प्रकारची टीकाच होय. कोठें थांबावें आणि काय वगळावें हें ठरवितांना मनुष्य त्या प्रदेशाविषयींचें आपलें मत नकळत देऊन टाकीत असतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील करिबा सरोवराचा बेत करणारास तर हें विशेषच लागू पडतें. तेथें मनांत काय घेऊन जावें याविषयीं दोन पुस्तकें दोन निराळ्या गोष्टी सांगतात. त्यांचा एकत्र विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थळाविषयीं. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर झांबेझी नदीस धरण बांधून हें सरोवर निर्माण केलेलें आहे. डिसेंबर १९५८ मध्यें नदीचा प्रवाह अडला. सरोवराची लांबी सुमारें २८० किलोमीटर असून पाण्याच्या सांठ्यानें तें मानवनिर्मित जलाशयांत सर्वांत मोठें गणलें जातें. सहलीस मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ उत्तम. सप्टेंबरपासून उष्मा वाढतो. परंतु आंतील पाणवठे आटल्यामुळें हत्ती आणि म्हशी मातुसादोनाच्या किनाऱ्यावर उतरतात व होडींत बसून त्यांचें दर्शन घडतें. हिवतापावरील औषधाची तजवीज वैद्यांच्या सल्ल्यानें आधींच करावी.

पहिलें पुस्तक एरिक रॉबिन्स व रोनाल्ड लेग यांचें 'ॲनिमल डंकर्क' (१९५९). पाणी चढूं लागतांच टेंकड्यांचीं बेटें झालीं व त्यांवर जनावरें अडकलीं. रूपर्ट फॉदरगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अपुऱ्या साधनांनिशीं त्यांची सुटका केली. जनावरांच्या अंगास कांचूं नयेत म्हणून स्त्रियांच्या नायलॉनच्या मोज्यांचे दोर वळले गेले. पुढें कांहीं वर्षें चाललेल्या या कामांत सुमारें सहा हजार जनावरें वांचलीं. या धैर्याविषयीं कोणाच्याहि मनांत आदरच उत्पन्न होईल. 

आमचा आक्षेप आहे तो नांवांवर. ही मोहीम 'ऑपरेशन नोआ' म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु बायबलांतील नोआच्या कथेंत प्रलय ईश्वर धाडतो. १९४० च्या डंकर्कला संकट शत्रूनें आणिलें होतें. दोन्ही नांवांत संकट बाहेरचें आणि आपण तारणारे! करिबाचा प्रलय मात्र तत्कालीन ऱ्होडेशिया-न्यासालँड संघराज्याच्या सरकारनें खाणींना आणि कारखान्यांना वीज हवी म्हणून १९५५ सालीं ठरविलेला होता. रूपकाची निवड ही केवळ अलंकाराची बाब नसते. तीमुळें कर्त्याचें नांव कथेंतून पुसलें जातें.

तें नांव पुन्हा लिहिण्याचें काम डेव्हिड हॉवर्थ यांच्या 'द शॅडो ऑफ द डॅम' (१९६१) या दुसऱ्या पुस्तकानें केलें आहे. झांबेझीच्या दोन्ही तीरांवरील सुमारें ५७,००० टोंगा लोकांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. नदीकांठच्या गाळाच्या मळ्यांतून त्यांना वर्षांत दुसरें पीक मिळत असे, तें गेलें. पूर्वजांचीं स्थानें पाण्याखालीं गेलीं. उत्तर तीरावर चिपेपो या मुखियाच्या गांवकऱ्यांनीं हलण्यास नकार दिला, तेव्हां १० सप्टेंबर १९५८ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत आठ जण ठार झाले. अधिक खोल जाऊं इच्छिणारानें एलिझाबेथ कोल्सन यांचा १९७१ चा ग्रंथ पाहावा. त्यांनीं व थेयर स्कडर यांनीं पाणी चढण्यापूर्वींच अभ्यास आरंभिला होता. त्यामुळें स्थलांतराच्या अगोदरचें आणि नंतरचें जीवन त्यांस ताडून पाहतां आलें.

यावर कोणी म्हणेल, चार दिवसांच्या विश्रांतीस निघालेल्या कुटुंबावर हा भार कशाला? प्रश्न अगदींच गैरवाजवी नाहीं. परंतु संध्याकाळीं पाण्यांत उभे असलेले वाळलेले वृक्ष प्रत्येक प्रवासी पाहतो आणि त्यांचीं छायाचित्रें घेतो. ते वृक्ष एके काळीं कोणाच्या गांवाजवळ होते, हें जाणल्यानें त्यांचें सौंदर्य कमी होत नाहीं. न जाणल्यानें मात्र आपलें पाहणें उथळ राहतें.

म्हणून बेतांत थोडा बदल सुचवावासा वाटतो. मातुसादोनांतील एक दिवस कमी करून तो बिंगा येथें द्यावा. तेथें टोंगा लोकांचें संग्रहालय आहे, आणि त्या भागांतील स्त्रियांच्या विणलेल्या टोपल्या प्रसिद्ध आहेत. झांबियाच्या बाजूनें जाणारास चोमा येथील संग्रहालय सोयीचें पडेल. वाचनाचा क्रमहि तसाच ठेवावा: आधीं हॉवर्थ, मग रॉबिन्स व लेग. या क्रमानें वाचलें असतां फॉदरगिल यांचें शौर्य तिळमात्र कमी होत नाहीं. तें कोणत्या पाण्यांत घडलें एवढेंच कळतें.