नातें नसलेला नायक

परभाषा कशी शिकावी, या प्रश्नास आमच्या वडिलांच्या पिढीपाशीं एकच ठरीव उत्तर होतें, व तें म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. त्या मालेचे महाराष्ट्रावरील उपकार कोणीहि नाकारणार नाहीं. तथापि तींतील वाक्यें कोण कोणास उद्देशून बोलत आहे, हें विद्यार्थ्यास क्वचितच कळे. वाक्यामागून वाक्य येई. बोलणारा अदृश्य, आणि ऐकणारा तर त्याहूनहि अदृश्य!

ही आठवण होण्यास एक निमित्त झालें. लाखनीकडील एका विद्यार्थिनीनें आपली एक वही नुकतीच आम्हांस वाचावयास दिली. कोरियन भाषा शिकविणारा एक व्हिडिओ गेम रचावा, खेळणारा त्या भाषेच्या जगांत पार बुडून जावा, आणि बाहेर येतांना ती भाषा घेऊनच यावा, असा तिचा संकल्प. भंडारा जिल्ह्यांतील मुलीनें कोरियनच कां निवडावी, असें कोणी विचारील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें माध्यमिक शाळांतून शिकवावयाच्या परकीय भाषांत कोरियनचें नांव घातलें आहे. पुण्याजवळ रांजणगांवीं एलजीचा कारखाना आहे, आणि तळेगांवचा मोटारींचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनें २०२३ सालीं केला. पण खरें कारण याहून साधें आहे. त्या देशाचीं गाणीं व मालिका आमच्या खेड्यांतील मुलींच्या मोबाइलांतून रात्री उशिरापर्यंत चालू असतात, आणि ज्या भाषेंत आपण हसलों-रडलों ती आपणांस यावी असें कोणास वाटणार नाहीं?

वहींतील आराखडा असा: नायक सोलच्या विमानतळावर उतरतो, त्याची स्मृति गेलेली आहे. शहरांत हिंडतां हिंडतां तो शब्द वेंचतो. प्रत्येक शब्दाचें एक नाणें. पुरेशीं नाणीं जमलीं कीं पुढचें दार उघडतें. उत्तर चुकलें कीं आयुष्याचा एक अंश कमी होतो. चित्रें सुरेख काढलेलीं आहेत आणि परिश्रमहि पुष्कळ आहेत. असें असूनहि हा आराखडा मुळांतच चुकला आहे असें आम्हांस वाटतें. ती चूक एकट्या तिची नाहीं, म्हणूनच तिची चर्चा करणें अगत्याचें आहे.

या प्रकारचे खेळ पूर्वीं झालेले आहेत. २०१४ सालीं निघालेला ‘इन्फ्लुएंट’ हा खेळ कोरियनसह अनेक भाषांतून खेळतां येतो. खेळणारा एका सदनिकेंत फिरतो. खुर्ची, दिवा, खिडकी, ज्या वस्तूवर रोख धरावा तिचें नांव कानीं पडतें आणि संग्रहास जातें. अशा रीतीनें चारशेंहून अधिक शब्द पाठ होतात, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या घरांत संभाषण म्हणून नाहीं. पाठमालेंत निदान वाक्यें तरी होतीं! याच्या अगदीं उलट टोंकाचा खेळ म्हणजे फ्रान्समधील रनडिस्क या मंडळीचा २०२३ मधील ‘चँट्स ऑफ सेनार’. एका प्रचंड मनोऱ्याच्या मजल्यामजल्यावर निरनिराळे समाज राहतात आणि प्रत्येकाचीं लेखनचिन्हें निराळीं. प्रवाशानें प्रसंग पाहावा, अर्थाचा तर्क बांधावा, तो वहींत टिपावा. कांहीं चिन्हांचे अर्थ एकत्रितपणें बरोबर ठरले म्हणजे मगच खेळ त्यांस मान्यता देतो. भाषा ही प्रसंगांतून उकलते हें तत्त्व इतक्या सुबुद्धपणें पडद्यावर आलेलें आम्हीं दुसरीकडे पाहिलें नाहीं. पण तेथील भाषा कल्पित आहेत आणि प्रवासी सर्वांनाच परका आहे. कल्पित भाषेंत परकेपणा चालून जातो. कोरियनमध्यें तो चालत नाहीं, आणि आमचें सारें म्हणणें येथेंच आहे.

वाक्यरचनेच्या दृष्टीनें कोरियन मराठी माणसास जवळची आहे. आधीं कर्ता, मग कर्म, शेवटीं क्रियापद; नामांना मागून जोडले जाणारे प्रत्यय. भेद आहे तो क्रियापदाच्या शेंपटांत. मराठींत ‘मी जातों’ किंवा ‘मी जातें’ म्हणतांच बोलणारा पुरुष कीं स्त्री हें उघड होतें. कोरियन क्रियापद ही चौकशी करीत नाहीं. त्याची चौकशी ऐकणाऱ्याविषयीं असते. समजा, पाऊस पडत आहे एवढेंच सांगावयाचें आहे. जिवलग मित्रास सांगावें ‘पीगा वा’. शेजाऱ्यास किंवा दुकानदारास ‘पीगा वायो’. भरसभेंत ‘पीगा ओम्निदा’. पाऊस तोच, आकाश तेंच, परंतु समोरचा मनुष्य बदलला कीं क्रियापद बदललें. आतां, ज्या नायकास स्मृति नाहीं, वय नाहीं, आईबाप नाहींत, आणि ज्याच्या वाटेवर उभीं असलेलीं सारीं माणसें केवळ त्याला नाणीं देण्यासाठींच उभीं आहेत, त्यानें कोणता प्रत्यय लावावा? पाऊस येत आहे एवढेंहि त्या बिचाऱ्यास धड सांगतां येणार नाहीं. मग दारें किती का उघडेनात!

गंमत अशी कीं, हें वर्म त्या विद्यार्थिनीच्या घरींच होतें. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बांधावर उभा असलेला पोरगा म्हाताऱ्यास सांगतो, ‘पानी येते जी’. सोबत्यास सांगतो, ‘पानी येते बे’. बाईमाणसास ‘वं’ आणि ओळखीच्या गड्यास ‘गा’. पाऊस ‘पडत’ नाहीं, ‘येतो’. आणि योगायोगानें कोरियन माणसाचा पाऊसहि येतच असतो, कारण वरील ‘वा’ आणि ‘ओम्निदा’ हीं दोन्ही ‘येणें’ या धातूचींच रूपें आहेत. हें साम्य फार ताणूं नये हें खरें. आमचा ‘जी’ वरून लावलेला आहे, गाळला तरी वाक्य मोडत नाहीं; कोरियन प्रत्यय क्रियापदाच्या हाडांतच आहे. तरीहि ऐकणाऱ्याकडे पाहून वाक्य संपविण्याची संवय झाडीपट्टींतील मुलास पाळण्यापासून असते. शाळेंत गेल्यावर हा ‘जी’ व हा ‘बे’ गांवढळ ठरतात, डोळ्याला ‘डोरा’ म्हणणारें पोर हंशाचा विषय होतें, आणि घरची बोली दाराबाहेर ठेवून परभाषेकडे जावयाचें असतें अशी त्याची समजूत होऊन बसते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करून या समजुतीला मोठा धक्का दिला. पण तो कोश अद्याप या वहीपर्यंत पोहोंचलेला दिसत नाहीं. वहींत झाडीबोलीचा एक शब्दहि नाहीं. सर्व टिपणें इंग्रजींत आहेत.

इंग्रजीचा हा मध्यस्थ आणखी एके ठिकाणीं नडला आहे. वहींत ‘राइस’ या शब्दापुढें तीन कोरियन शब्द लिहून त्यांपुढें प्रश्नचिन्ह काढलें आहे: ‘ब्यॉ’, ‘स्साल’ आणि ‘पाप’. धानाच्या कोठारांत वाढलेल्या मुलीनें हें प्रश्नचिन्ह काढावें ना! शेतांत उभें तें धान, कांडून निघतो तो तांदूळ, ताटांत पडतो तो भात; कोरियन शेतकरीहि नेमके हेच तीन भेद करतो. मराठींतून सरळ गेली असती तर हे तीन शब्द तिला एका श्वासांत पाठ झाले असते.

लिपीचेंहि तसेंच. राजा सेजोंग यानें १४४३ मध्यें सिद्ध करून १४४६ मध्यें प्रसृत केलेल्या हंगुल लिपींत कांहीं मूळ व्यंजनांचे आकार जीभ, दांत, ओंठ व कंठ यांच्या ठेवणीवरून घेतले आहेत. त्या काळचा खुलासेवार ग्रंथ १९४० सालीं हातीं लागल्यावर ही गोष्ट निःसंशय ठरली. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हा क्रम ज्यानें लहानपणींच घोकला त्याच्यासाठीं खेळाचा पहिला डाव तोंडाच्या पोकळींतच मांडतां येईल. रोमन अक्षरांची कुबडी देण्याचें कारणच नाहीं.

मग खेळ कसा असावा? आमची सूचना एवढीच कीं, नायकास नातें द्यावें. विमानतळ नको, त्यास एखाद्या खेड्यांत आजीच्या घरीं, रोवणीच्या दिवसांत, पावसांत पोंचवावें. चुकीचा प्रत्यय लागला म्हणून आयुष्य कापूं नये. आजी हंसेल, दुकानदार तुटक बोलूं लागेल, आणि आपलें काय चुकलें याचा तर्क खेळणाऱ्यानें त्या तुटक बोलण्यावरूनच करावा. बक्षीसहि कोरियन भाषेनेंच ठेवलेलें आहे. दोन माणसांचा परिचय वाढून औपचारिक प्रत्यय गळून पडतात, त्यास ते लोक बोलणें ‘खालीं ठेवणें’ असें म्हणतात. आपण अहोजाहोवरून अरेतुरेवर येतों तसेंच तें. जिच्याशीं दहा दिवस जपून बोललों त्या शेजारच्या मुलीनें एके दिवशीं आपण होऊन बोलणें खालीं ठेवावें, याहून मोठें नाणें कोणतें?

शब्द वेंचण्याचीच हौस असेल, तर त्या भाषेच्या इतिहासांत एक खरी कथा आहे. जपानी अमलांत कोरियन भाषा शाळांतून हद्दपार होत असतां तिच्या अभ्यासकांच्या मंडळानें कोश रचावयास घेतला. १९४२ च्या ऑक्टोबरापासून त्यांची धरपकड झाली, दोघे तुरुंगांतच वारले. जप्त झालेलें हस्तलिखित १९४५ च्या सप्टेंबरांत सोल स्टेशनाच्या गुदामांत सांपडलें, आणि १९४७ पासून त्या कोशाचे खंड निघूं लागले. तीं पानें शोधीत हिंडणाऱ्या खेळाडूस शब्दाची किंमत काय असते हें वेगळें सांगावें लागणार नाहीं.

हें सर्व ऐकून त्या मुलीनें काढलेली अडचण मात्र खरी आहे. इतर खेळांत नायक मुलगा कीं मुलगी हा केवळ पोशाखाचा प्रश्न असतो. येथें मुलगा असेल तर तो थोरल्या बहिणीस ‘नूना’ म्हणणार, मुलगी असेल तर ‘ऑन्नी’. थोरल्या भावास तो ‘ह्यॉंग’, ती ‘ओप्पा’. म्हणजे घरांतील हांका दोनदां लिहावयाच्या आणि दोनदां ध्वनिमुद्रित करावयाच्या. पहिलें पान तिनें फाडून टाकलें आहे. दुसऱ्यावर आजीचें घर आहे, पाऊस आहे. नात असावी कीं नातू, हें अजून तिनें ठरविलेलें नाहीं.