‘ज्याअर्थी’मागील अर्जदार

मराठी कायद्यातील ‘ज्याअर्थी’ हा इंग्रजी प्रस्तावनेचा निव्वळ अनुवाद होय, हे मत अपुरे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे विधिमंडळ १८५१ पूर्वी घटस्फोटदेखील अर्जावरून, स्वतंत्र अधिनियमाने देत असे. अशा खाजगी अधिनियमांच्या प्रस्तावनेत अर्जदाराचे नाव व गाऱ्हाणे पुष्कळदा येई. कायदा तेथे क्षणभर कथन होतो. यवतमाळचा, म्हणजे १९०५ पूर्वीच्या वणी जिल्ह्याचा, प्रकार निराळा. वऱ्हाडावर सार्वभौमत्व निजामाचे, कारभार १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटाकडे, कायदे गव्हर्नर-जनरलच्या हुकुमाने लागू होत. स्थानिक विधिमंडळच नव्हते. रयतेचा ‘विनंती अर्ज’ कचेरीत शिरे (आणि बहुधा तेथेच विसावे!), प्रस्तावनेपर्यंत त्याला वाट नव्हती. येथील ‘ज्याअर्थी’त कारण उरले, अर्जदार उरला नाही.