मंडळीबाहेरचे भजन आणि उपासनेचा नियम

जवळा बाजारात बसून उपासनेच्या जागेविषयी बोलायचे, तर औंढ्याची आठवण टाळता येत नाही. नामदेवांना नागनाथासमोर कीर्तन करू दिले नाही, ते देवळामागे गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. आज आम्ही त्याच प्रश्नाकडे ख्रिस्ती परंपरेच्या अंगाने बघणार आहोत. उपासनेचे नियम कुठवर चालतात?

रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या वळणाच्या मंडळ्यांचा नियम कडक आहे. देवाने वचनात जे सांगितले, तेवढेच उपासनेत करायचे. ‘मना केलेले नाही, म्हणून चालेल’ ही ल्यूथरच्या अनुयायांची मोकळीक इथे नाही. आधार म्हणून नादाब आणि अबीहू यांनी परका अग्नी नेल्याची कथा सांगतात. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने तर १८८३ पर्यंत उपासनेत वाद्याला परवानगी दिली नव्हती. याच चर्चचे नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवले. म्हणजे ही परंपरा मराठवाड्याला परकी नाही.

आता बघा. चार घरची माणसे संध्याकाळी एका ओसरीवर जमली, टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ताचे भजन करू लागली. तिथे हा नियम लागू होतो का?

एक पक्ष म्हणतो, देव एक तर नियमही एक. टाळ खाली ठेवा. त्यांचा आधार कच्चा नाही. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराचे २१ वे प्रकरण सांगते की आता कुठलीच जागा जास्त पवित्र नाही. पण तेच प्रकरण घरची उपासना, एकट्याची उपासना आणि मंडळीची जाहीर उपासना वेगवेगळी मोजते. १६४७ साली स्कॉटिश महासभेने घरगुती उपासनेसाठी वेगळी मार्गदर्शिकाच केली. अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन अशी उपासना करणे तिला पसंत नव्हते. का? त्यातून मंडळीत फूट पडेल, ही धास्ती होती. म्हणजे वाद सुराचा नव्हता, अधिकाराचा होता.

दुसरा पक्ष म्हणतो, मंडळीबाहेर सगळे मोकळे. हेही आम्हाला पटत नाही. मूर्तिपूजेची मनाई दाराबाहेर संपत नाही.

मग हा नियम आहे कशासाठी? आमच्या मते, तो माणसाच्या विवेकाचे रक्षण करतो. रविवारच्या उपासनेला येणे हे विश्वासणाऱ्याचे कर्तव्य. तो उठून जाऊ शकत नाही. म्हणून वडीलजनांनी आपल्या आवडीचे काही त्याच्यावर लादू नये. ओसरीवरच्या भजनाला न आलेल्याने काही मोडले नाही. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते, तेव्हा कुणी त्यांच्यापुढे उपासनाक्रम ठेवला नव्हता.

ही कसोटी नारायण वामन टिळकांना लावून बघू. त्यांचे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्युरिटन घराण्यातलेच. त्यांच्या भजन-कीर्तनाला या नियमाची हरकत उरत नाही. पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ज्याला दुसरी मंडळीच नाही, त्याला हा दरबारच मंडळी. मग बाप्तिस्मा कुणी द्यायचा, प्रभुभोजन कुणाच्या हातून? तिथे नियम आत येतो, आणि यायला हवा. १९१९ साली टिळक गेले. दरबाराला या प्रश्नांची उत्तरे द्यायला वेळच मिळाला नाही.

आमच्या कसोटीतली अडचणही सांगतो. मंडळी दूर, अंगात बळ नाही, अशा म्हातारीला ओसरीवरचे भजन हीच एकमेव उपासना असते. ती उठून जाणार कुठे? म्हणजे तिच्यापुरते ते भजन मोकळे राहिलेच नाही. तिथे पुढाऱ्याने अधिक जपून वागले पाहिजे, आणि मंडळीने तिच्या दारापर्यंत गेले पाहिजे. औंढ्याच्या गोष्टीतही हलले ते देऊळच. आता तुमचे प्रश्न घेऊ.